राक्षसाच्या पोटातली गादी

आमचा मेव्हणा गाद्या भरायचा. केसांत कायम कापूस, म्हणून ऐन तरुणपणीच त्याचं नाव पडलं म्हातारबा.

एकदा सिनेमावाले आले. परग्रहावरचा राक्षस यानात शिरून माणसं खातो, अशी गोष्ट. यान म्हणजे बंद पडलेलं बर्फाचं कोठार, आणि राक्षस शिवायला म्हातारबा! सिनेमावाल्यांच्या खिशात दमडी नाही, पण तोरा बघा. "कापूस तुमचाच घाला," म्हणाले.

दुकानातला कापूस शेपटीतच संपला. मग या पठ्ठ्याने घरची गादी उसवली. तीही कुठली, तर बायकोला तिच्या आईने दिलेली. आई गेल्यावर तेवढीच आठवण. वहिनींना सांगितलं, "पिंजायला नेलीय."

"गादीवाला घरात आणि मी चटईवर! लवकर आणा हो."

सवय कुठली सुटते? राक्षसाच्या पाठीवरही त्याने गादीसारखे वीतवीतभर अंतराने टाके घातले, वर त्याच गादीचे लाल गोंडे. दिग्दर्शक खूश. "वा! पाठीवर डोळे!"

आत शिरून फिरायचाही म्हातारबाच. शेवटच्या दिवशी बघतो तर समोर रॉकेलचा डबा.

"हे कशाला?"

"राक्षसाला जाळायचंय. गोष्टच तशी आहे."

"गोष्ट गेली खड्ड्यात! यात माझ्या सासूबाईंची गादी आहे. जाळायचं तर माझ्यासकट जाळा." आणि बसला की हो फतकल मारून!

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. अखेर काळ्या पडद्यासमोर राक्षसाला दोरांनी टांगलं आणि हळूहळू दूर सोडलं.

सिनेमा लागला तोवर गादी पुन्हा शिवून घरी आली होती. आम्ही सगळे बघायला गेलो. शेवटी यानाचं दार उघडलं आणि तो अवाढव्य जीव पाठ फिरवून चांदण्यांत निघाला. हलका, सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा. वहिनी एकदम पुढे सरकल्या.

"अहो, हे गोंडे... ही आईची गादी ना?"

म्हातारबाची मान खाली. "जाळू दिली नाही गं."

वहिनी पडद्यावरचा तो ठिपका होईपर्यंत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आईला कधी कुठे जायला मिळालं नाही. जाऊ दे जरा लांब."

मी पाहुणा गेलो की तीच गादी मला घालतात. कापसात राक्षसाच्या शिंगाचा तुकडा राहिलाय, डाव्या कुशीला टोचतो. पण डोळा लागला की पाठीखालची जमीन सुटते, आणि मी आपला तरंगत निघतो, म्हातारबाच्या सासूबाईंच्या मागोमाग.