मामांनी न उघडलेला कॉम्प्युटर

माझ्या बायकोच्या मामांच्या हाती लागूनही अखंड राहील अशी वस्तू अजून जगात तयार व्हायची आहे, असं मी पैजेवर सांगत असे. पलूसच्या त्यांच्या घरी मिक्सर असो, इस्त्री असो, शिलाई मशीन असो, बिघडलेलं असो वा नसो, आत काय आहे हे पाहिल्याशिवाय मामांना अन्न गोड लागत नाही. आमच्या लग्नात आहेरात आलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना मांडवातच उघडलं. ते आमच्या साताऱ्याच्या घरी अजून पुढेच पळतंय, आणि त्याचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता. जोडताना एखादा स्क्रू उरतोच. "कंपनीवाली जादाचं घालत्यात वो जावईबापू," असं म्हणत मामा तो चुन्याच्या रिकाम्या डबीत टाकतात.

त्यांची एकुलती एक लेक कॅनडात असते. तिला मुलगी झाली, तेव्हा बापाला मोबाईलवर बारीक दिसत नाही म्हणून तिने मोठ्या पडद्याचा ऑल-इन-वन कॉम्प्युटर घरी पाठवला. मामा त्याला प्रदक्षिणा घालत राहिले. "डबा कुठाय वो ह्येचा?" पडद्याच्या पाठीतच आहे म्हटल्यावर स्वारी खूश! वायरींचं जाळं नाही, मामींना केर काढायला सोपं, टेबलावर चहाला जागा. दर रविवारी सकाळी टोपी घालून ते नातीसमोर बसू लागले. पाठीवर स्क्रू मात्र एकही दिसेना, त्यामुळे जीव जरा खालीवर व्हायचा.

मग एकदा पडदा काळा पडला. आवाज येई, पण चित्र नाही. आता मामा त्याची चिरफाड करणार, ह्या धास्तीने मी रविवारी पलूस गाठलं. कॉम्प्युटर होता तसाच होता.

"जुन्या डबावाल्या कॉम्प्युटरचं बरं हुतं," मामा म्हणाले. "पडदा गेला, पडदा बदला. ह्येच्यात समदं खटलं एका खोलीत. एक आजारी पडलं की समद्यांनी दवाखाना गाठायचा."

"मग दुरुस्तीला द्या की सांगलीला."

"लय दिवस लागत्यात म्हनं. तवर नात मला वळखायची न्हाई."

"उघडून बघितला नाही?"

मामांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "आवाज येतुया नव्हं. उघडला आन् त्यो बी गेला तर?"

एवढ्यात कॉम्प्युटरवर लेकीचा फोन वाजू लागला. मामांनी टोपी घातली आणि कोनाड्यातली बॅटरी काढून तिचा झोत पडद्यावर तिरका धरला. मी वाकून पाहिलं. उजेड पडला होता तेवढ्याच जागी पुसट चित्र उमटत होतं; म्हणजे चित्र होतं, गेला होता तो पडद्यामागचा उजेड. असं दिसतं, हे त्यांनी कसं हुडकलं कोण जाणे! बटण शोधून त्यांनी फोन घेतला.

"आप्पा, हातात बॅटरी कशाला?"

"लाईट गेलीया. इन्व्हर्टरवर चाललंया ह्ये."

"बरं, हे बघा, दात आलाय हिला!"

झोत कपाळावरून घसरला, कानापाशी अडखळला, गालावरून खाली आला आणि नातीच्या तोंडापाशी थांबला. पण तिथे तो काही स्थिर राहीना. त्या घड्याळाचा माझा राग तिथेच संपला. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं.

"दिसला का, आप्पा?"

"दिसला," मामा म्हणाले. "वाईच हलू देऊ नगंस तिला."