पालमच्या मशीनीचा पिक्चर

मंडपाच्या धंद्यात दोन गोष्टी साठत जातात, फाटकी कापडं आणि किस्से. कापडं निदान कुणी मागून तरी नेतं. किस्से मात्र दर लग्नात, दर टपरीवर मलाच सांगावे लागतात. "ते पिक्चरचं सांगा की!" म्हटलं की मी खुर्ची ओढून बसतो. न सांगून जातो कुठं!

तर पिक्चर. कॉमेडी. डायरेक्टर साहेबांचं आजोळ पालमचं. मुंबईचे एकाहून एक मोठे कलाकार फुकट काम करणार आणि जी कमाई होईल त्यातून पालमला डायलिसिसची मशीन बसणार, असं ठरलं. माझे थोरले भाऊ, दादा, आठवड्यातून दोनदा तसल्या मशीनवर झोपायला एसटीने परभणीला जातात. येताना वहिनींच्या खांद्यावर मान टाकून येतात. हा रस्ता सुटावा, एवढ्यासाठी मी मंडप, खुर्च्या, गर्दी जमवणं, सगळं अंगावर घेतलं. पिक्चर अजून लागायचाय. दादा अजून एसटीतच आहेत.

*

फुकट काम करणारा कलाकार पैसे घेत नाही, त्यामुळे तारीखही देत नाही. आमच्या पिक्चरात नवरी आली सोमवारी आणि नवरदेव मिळाला गुरुवारी! मग अंतरपाटाच्या पलीकडे मंडपाचा एक खांब रोवला आणि त्याला फेटा बांधला.

सगळं जमलं. पण मंत्र म्हणायला आणलेले आमचे गुरुजी शेवटच्या मंगलाष्टकापाशी थांबले ते थांबलेच.

"गुरुजी, पुढे?" डायरेक्टर म्हणाले.

"पुढं न्हाई. एवढं म्हणलं की लग्न लागतंय."

"अहो, शूटिंग आहे हे!"

"मंत्राला काय ठाऊक शूटिंग हाय म्हणून? पोरीचं लग्न खांबासंगं लागलं तर निस्तरणार कोण?"

हिरोईन बिचारी हार धरून ताटकळली. शेवटी ते मंगलाष्टक मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या आवाजात भरायचं ठरलं. गुरुजींनी जाताना खांबाचा फेटा मात्र स्वतःच्या हाताने सोडला. न जाणो!

*

पोखर्णीच्या रस्त्यावरचा सीन तर अगदी सोपा होता. एक वयस्कर विनोदी नट चिखलात घसरून पडतात आणि गाव खो खो हसतं, एवढंच. नट असे काही पडले की मला हसू आवरेना. पण गाव धावत सुटलं!

"लागलं का हो?" "पाणी आणा रे!" एक म्हातारी तर घरातून हळद घेऊन आली.

डायरेक्टरांनी हात जोडले. "उचलू नका! फक्त हसा!"

सरपंच म्हणाले, "साहेब, पाव्हणा पडल्यावर हसायचं? आमच्याच्यानं व्हायचं न्हाई."

नट पुन्हा पडले, गावाने पुन्हा उचललं. जेवणाच्या सुट्टीनंतर येऊन बघतो तर चिखलच गायब! गावाने ट्रॅक्टर लावून तिथे मुरूम टाकला होता.

नट मुरमाकडे बघत माझ्या खुर्चीवर बसले. "मी पडतो म्हणून लोकांनी तिकिटं काढली," ते म्हणाले, "मला लागतं का, हे कुणी विचारलं नव्हतं." मी माझा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

*

मोठ्या हिरोंनी एकच दिवस दिला होता. सकाळी फोन आला, "देवगाव फाट्यावर पोचलोय." मी खूश!

पण फाट्यावर सत्कार ठेवलेला. शाल, श्रीफळ, दोन शब्द. तिथून पुढे प्रत्येक वळणावर तेच. आमच्याकडे मोठ्या माणसाला नुसता हात हलवून जाऊ देणं म्हणजे त्याचा अपमान. हिरो पालमला आले तेव्हा उजेड गेलेला आणि गाडीत पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे नारळ!

"भाऊ," ते मला म्हणाले, "मी परत येईन. पण कुणाला सांगू नका."

दादा गर्दीच्या सीनसाठी सकाळपासून उन्हात बसून होते. मला म्हणाले, "येतील रे. न्हाई आले तर आपली एसटी हायच की." त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

*

हिरो शब्दाला जागले, पुन्हा पालमला यायला निघाले. आणि बातमी फाट्यावर फुटलीच!

सीन तिरडीचा. हिरो मेल्याचं सोंग घेतो, असा. इकडे ऊन उतरायला लागलं आणि तिकडे दुसरा सत्कार सुरू झाल्याचा फोन आला. डायरेक्टर वैतागून म्हणाले, "ते येईपर्यंत कॅमेरा लावून घेऊ. कुणीतरी त्यांच्या जागी झोपा."

गर्दी मागे सरकली. जित्या माणसाने तिरडीवर झोपायचं? घरी बायको जीव घेईल! मीही सरकलो.

दादा उठले. "मी निजतो. न हलता पडायची सवय हाय मला."

हार घातला, गुलाल टाकला. कॅमेऱ्यातून बघत डायरेक्टर म्हणाले, "वा! पापणीसुद्धा हलत नाही! चालू ठेवा रे, घेऊनच टाकू."

तो दादांचा डायलिसिसचा दिवस, रात्रीची पाळी. परभणीची एसटी गाठायची म्हणून वहिनी त्यांना न्यायला आल्या. गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या, दादा दिसले आणि हातातली पिशवी गळून पडली. कुणी काही सांगायच्या आत त्यांनी तिरडी गदागदा हलवली.

"अहो! इथं मशीन यायची हाय, अन् तुमी कुठं निघालाव?"

कॅमेरा चालूच.

दादांनी डोळे उघडले नाहीत. ओठातल्या ओठात म्हणाले,

"गप की जरा. मशीनीसाठीच निजलोय."