पाटावरचं कार्ड

खंडेनवमीला आमच्या वर्तकनगरच्या घरात पाटावर ज्याचं त्याचं हत्यार मांडतात. सासऱ्यांचा पाना, नवऱ्याचा लॅपटॉप. माझ्या वाटणीला दरवर्षी लाटणं. त्या वर्षी माझं डोकंच फिरलं. स्कूबा डायव्हिंगचं कार्ड कपाटातून काढलं आणि लाटण्याशेजारी ठेवलं. लग्नाआधी मालवणच्या समुद्रात उतरून कमावलेलं कार्ड होतं ते. मुलगी झाल्यापासून पाण्यात उतरले नव्हते, आणि दिवाळीनंतर जुन्या ग्रुपबरोबर मालवणला जायचं ठरवलेलं. कार्डाशिवाय तिथे खोल पाण्यात नेत नाहीत. सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाट रिकामा. पाना जागेवर, लॅपटॉप जागेवर, लाटणं तर पोळपाटावर. कार्ड कुठेय विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, फुलांबरोबर निर्माल्यात गेलं असेल. आणि निर्माल्य सासरे सकाळीच तळ्यात सोडून आलेले. म्हणजे माझ्याआधी माझं कार्डच बुडी मारून मोकळं!

मी जी भडकले! लाटणं बरं निर्माल्यात गेलं नाही? नवरा म्हणाला, प्लास्टिकचा तुकडा तो, त्याचं एवढं काय आकांडतांडव. त्याचं ऑफिसचं आयकार्ड हरवलं तेव्हा याच घराने गाद्या उलथ्यापालथ्या केलेल्या. तो राग मला अजून गिळता येत नाही.

दुसरं कार्ड काढायचं तर शिकवणाऱ्याचा दुजोरा हवा होता. मालवणच्या सरांना फोन लावला. त्यांनी आवाजावरूनच ओळखलं, आणि कार्डाचं राहू दे, एवढी वर्षं कुठे गायब झालीस म्हणून मलाच झापलं. मला रडू फुटलं. या घरात हा प्रश्न मला कधी कोणी विचारलाच नव्हता. सरांनी कार्ड देणाऱ्या संस्थेला लगेच मेल केला, आणि निघायच्या आदल्या दिवशी नवं कार्ड मोबाइलवर आलं.

बॅग भरत होते तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चार दिवस पोळ्यांचं काय करायचं गं?"

मी बॅगेची चेन ओढली.

"लाटणं पुजलंय ना, आई? पाटाला नमस्कार सगळ्यांनी केलेला. आता ज्याच्या हाताला लागेल त्याने घ्यावं."