व्हॅलेन्सियातली बोंब

सिल्वाशाहून निघाले तेव्हा शेजारच्या बेन म्हणाल्या, "होळी छोडीने क्यां चाल्यां?" (होळी सोडून कुठे निघालात?) मी ऐटीत सांगितलं, नातीकडे, स्पेनला. नात मला ओळखणार नाही, हे काही सांगितलं नाही.

व्हॅलेन्सियाच्या विमानतळावर झालंही तसंच. मुलगा निखिल आणि सूनबाई अल्बा गळ्यात पडली. चार वर्षांची मीरा मात्र दुसऱ्या आजीच्या, म्हणजे माझ्या विहीणबाई अंपारो यांच्या, स्कर्टमागे लपली. त्यांना ती 'आबुएला' (आजी) म्हणते. मला काहीच म्हणेना. चकलीचं एक टोक चाटून तिनं ती नम्रपणे परत केली.

शहर सणानं फुललं होतं. इथे वसंतात 'फायास' असतो. चौकाचौकांत कागद-लाकडाचे उंच, थट्टेखोर पुतळे. वर्षभर खपून बनवायचे आणि एका रात्रीत जाळायचे. विहीणबाईंनी बुन्युएलो (लाल भोपळ्याचे तळलेले गोड वडे) करायला घेतले, तेव्हा मीही पदर खोचला. आमचे घारगे थापायचे. त्या मात्र ओल्या हातानं पीठ उचलून अंगठ्यानं भोक पाडत होत्या. माझ्या पहिल्या वड्याचा तेलात ऑक्टोपस झाला. मीरानं ते पाहिलं आणि आबुएलाचा वडा उचलला.

दहनाच्या संध्याकाळी आधी मुलांचे छोटे पुतळे पेटवतात. मीराच्या गल्लीतल्या पुतळ्यांत एक कासव होतं. रोज जाता-येता ती त्याचा पापा घ्यायची. त्याला आग लागली आणि पोरीनं हंबरडा फोडला. पाहते तो विहीणबाईही डोळे पुसतायत, शेजारचे तरणेताठे बाप्येही. इथे रडायची रीतच आहे म्हणे.

माझं लग्न होऊन मी दापोलीहून सिल्वाशाजवळच्या खानवेलला आले, तेव्हाची पहिली होळी आठवली. सगळा गाव बोंबा मारत होता आणि मी, नवी मास्तरीणबाई, नाकाला रुमाल लावून उभी होते, पेटलेल्या होळीला जणू नापास करायला आलेली. काय ते ध्यान! यजमान म्हणाले, एक तरी मार. मी म्हटलं, मला शोभत नाही.

आता मात्र हात आपोआप उठला. पालथा हात ओठांवर आपटत मी खणखणीत बोंब ठोकली.

निखिल कुजबुजला, "आई, अगं लोक बघतायत."

"बघू देत. कासव गेलंय पोरीचं."

मीराचा हुंदका अर्ध्यावर थांबला. तिनं तळहात तोंडावर ठेवला; मी तो पालथा करून दिला. मग तिनं बारीकशी बोंब मारली, मग मोठी, आणि तिसरीला माझ्या कडेवर चढली. विहीणबाईंनी निखिलकरवी विचारलं, यानं काय होतं?

"काही नाही," मी म्हटलं, "घसा बसतो."

त्यांनीही एक मारलीच.

परतीच्या विमानात मला वाटलं, तो रुमाल मी थोडा आधी खाली ठेवला असता, तर खानवेलच्या किती होळ्या पदरात पडल्या असत्या.

घरी येऊन दोन दिवस झाले नाहीत तोच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर मीरा. आजी नाही, आबुएला नाही. पालथा हात तोंडावर आणि थेट बोंब. बेन ओट्यावरची कणीक तशीच टाकून धावत आल्या, काय झालं म्हणून.

"काही नाही, बेन," मी म्हटलं, "नात हाक मारतेय."