बतूलच्या पावातलं मीठ

मोरोक्कोतल्या तेतुआन शहराच्या एका गल्लीत रहिमूच्या जिभेचा सगळ्यांना धाक होता. कुणाकडे लग्न निघालं की रस्सा चाखायला आधी तिला बोलवायचे. ती चमचा ओठाला लावायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. निकाल चुकला असं कधी कुणी म्हटलं नाही. म्हणणार कोण?

एका बाबतीत मात्र निकाल कायमचा लागलेला होता. तिच्या धाकट्या भावाची, अब्सलामची, बायको बतूल. तिचा पाव खारट. लग्न होऊन बतूल घरात आली तेव्हा पहिल्यांदा कणीक मळताना घाबरून तिच्या हातून मीठ दोनदा पडलं होतं. तो पाव खरोखरच खारट झाला होता. पुढे बतूलचे केस पांढरे व्हायला लागले, तरी रहिमूच्या तोंडातून तो पहिला घास काही गेला नाही. भावाकडे गेली की ती एक तुकडा मोडायची, चावायची, "हं" म्हणायची आणि उरलेला बाजूला सारायची. बतूल तो उचलून ठेवायची. अब्सलाम दर शुक्रवारी बहिणीकडे जेवायला यायचा, तो येईनासा झाला. "बायकोनं जीभच बिघडवली त्याची," रहिमू सांगत फिरली. मग तिचंही जाणं सुटलं.

यंदाच्या हिवाळ्यात शेजारची, हज करून आलेली हाज्जा तामो वारली. तिसऱ्या दिवशी बायका आपापल्या घरचं काही ना काही घेऊन तिच्या अंगणात जमल्या. पाव सगळ्यांनी सकाळीच गल्लीच्या भट्टीवर भाजायला पाठवले होते. पहिले पाव आले तसे कुणीतरी तुकडे करून टोपलीत ठेवले, वर कापड झाकलं. रहिमूने एक तुकडा रश्शात बुडवून खाल्ला. दुसरा नुसताच खाल्ला.

"हा पाव बघा," ती तामोच्या बहिणीला म्हणाली. "मीठ कसं बेताचं! माझा हात कुठे लपत नाही बाई."

तामोच्या बहिणीने मान डोलावली. एवढ्यात भट्टीवाला बा अय्याद डोक्यावर लाकडी फळी घेऊन दारात आला. फळीवरच्या पावांतून वाफ निघत होती.

"रहिमूबाई, रागावू नकोस हं. तुझे पाव मागे राहिले होते, आत्ता काढले."

"माझे? मग टोपलीतले कुणाचे?"

"आतापर्यंत एकच फळी आणलीये मी. बतूलची."

कुणीतरी हसू दाबायला खोकलं. रहिमूच्या हातातला तुकडा हातातच राहिला. समोर बतूल चहाचे ग्लास भरत होती. तिने मान वर केली नाही.

"खा हो वन्सं," ती म्हणाली. "रस्सा निवतोय."

घरी आल्यावर रहिमू स्वतःची समजूत घालत बसली. दुःखाच्या घरी चव कुठे कळते. यंदाचं पीठच चांगलं निघालंय. रश्शात मीठ कमी असेल, म्हणून पाव बरा लागला. एकेक कारण सुचलं की क्षणभर खरं वाटायचं, मग तिला आठवायचं की दुसरा तुकडा तिने नुसताच खाल्ला होता. हा बतूलचा पाव आहे असं कुणी आधी सांगितलं असतं, तर आपण तोंड वाकडं केलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते काही तिला स्वस्थ बसू देईना. चार दिवसांनी तिने शाल घेतली आणि ती भावाच्या घरी गेली.

"काय वन्सं, वाट चुकलात?" बतूलने दार उघडलं.

"पावाचा तुकडा दे मला. आजचा."

बतूलने अख्खा पाव पुढे ठेवला. रहिमूने सावकाश चावला. पुन्हा चावला.

"खारट लागतोय गं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "शपथ, मुद्दाम नाही म्हणत. खरंच लागतोय."

बतूल तिच्याजवळ टेकली. "सहा महिने झाले वन्सं, मी निम्मंच मीठ घालते. यांचा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी बजावलंय."

"सहा महिने? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"हेच म्हणाले, सांगू नकोस. ताई म्हणेल, तुझ्याच मिठानं झालं."

रहिमूने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण नेमकं तेच वाक्य आत्ता, या घडीला, तिच्या ओठावर आलं होतं. भावाच्या आजारापेक्षाही त्या गोष्टीने तिला हादरवलं. मग तिने आणखी एक तुकडा मोडला. तोही खारट लागला. तिने तो संपवला आणि अर्धा पाव बतूलच्या हातात दिला.

आतल्या खोलीतून अब्सलाम भिंत धरत बाहेर आला. बहीण आणि बायको एकाच गादीवर बसून खाताहेत हे पाहून तो दारातच थबकला.

"आता कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"कुणी नाही. बस इथे," रहिमू सरकून जागा करत म्हणाली. "आणि औषधं वेळेवर घेतोस का, ते सांग आधी."