अडीच फूट खाली

टीव्हीच्या दुकानात तो फिटर होता आणि सगळे त्याला इंचभर म्हणत. भिंतीवर चढवलेला टीव्ही लोकांना पसंत पडला, तरी हा चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "इंचभर खाली घेऊ." मग पुन्हा सगळे स्क्रू काढायचा.

त्याची पद्धत ठरलेली होती. घरात शिरल्यावर तो आधी भिंतीकडे बघतच नसे. टीव्ही सगळ्यात जास्त कोण बघतं, ते विचारायचा, त्या माणसाला रोजच्या जागी बसवायचा आणि जमिनीपासून त्याच्या डोळ्यांपर्यंत टेप लावायचा. टीव्हीचा मध्य तिथेच. मोठमोठ्या बंगलेवाल्यांशी तो या एका गोष्टीवरून तासतासभर हुज्जत घाली आणि बहुतेकदा जिंकायचाही.

अशा माणसाला एके दिवशी साडूचा फोन आला. मोठा टीव्ही घेतलाय, लावायला तुम्हीच या.

हा साडू म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा. माणूस वाईट नव्हता, पण इंचभरच्या डोळ्यांत तो वर्षभर सलत होता. कारण सासूबाई. इंचभरची आई तो लहान असतानाच गेली होती. लग्न झाल्यावर सासूबाईंनीच त्याला आईची माया लावली. नवशिका असताना त्याने ड्रिलने पहिलं भोक पाडलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात. फळी चांगली दोन बोटं तिरकी बसली, तरी बाईंनी ती कुणाला काढू दिली नाही. सासरे गेल्यावर त्या आपल्याकडेच येणार असं तो धरून चालला होता. खोलीला रंगही देऊन ठेवला होता. पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि त्यांचे गुडघे दुखरे. त्या धाकटीकडे गेल्या. तेव्हापासून फोनवर बोलताना "आमचे धाकटे जावई" हे शब्द आले, की इंचभर फोन बायकोच्या हातात द्यायचा.

टीव्ही खरंच देखणा होता. साडूने भिंतीवर हात उंच करून दाखवला. दाराच्या चौकटीची वरची कड आहे ना, तिथेच टीव्हीची वरची कड मिळवायची, म्हणजे आल्यागेल्याला दारातून आधी टीव्ही दिसेल.

इंचभरने बघितलं. सासूबाई खिडकीशी बैठ्या खुर्चीत बसल्या होत्या. टेप काढायचीही गरज नव्हती. टीव्हीचा मध्य त्यांच्या डोळ्यांपासून चांगला अडीच फूट वर जात होता. परक्याच्या घरी तो खाली बसून राहिला असता, ड्रिलला हात लावला नसता. तेवढ्यात सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "मी नुसतं बोलले, आणि धाकट्या जावयांनी आठवड्यात आणला."

"इथेच ना?" इंचभरने साडूला विचारलं आणि ड्रिल सुरू केलं. पाणसळ लावून टीव्ही अगदी सरळ बसवला. घरी जाताना तो मनातल्या मनात म्हणत होता, बसा आता माना वर करून.

सासूबाईंची मानही त्यातच येते, हे त्याने डोक्यात येऊ दिलं नाही.

तीन आठवड्यांनी बायको माहेरच्यांना भेटून आली आणि सहज म्हणाली, की आईची मान धरलीय, पट्टा दिलाय. इंचभर जेवता जेवता थांबला. दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर तिकडे गेला. सासूबाई पट्टा लावून बसल्या होत्या, टीव्ही चालू होता आणि त्यांची नजर जमिनीवर होती. त्या नुसत्या ऐकत होत्या.

"आई, त्रास होत होता तर बोलला का नाहीत?"

"तुम्ही लावलाय म्हटल्यावर बरोबरच असणार. मला वाटलं, माझीच मान म्हातारी झाली."

तो बाहेर गेला आणि गाडीच्या डिकीतून हत्यारं घेऊन आला. टेप लावली. जमिनीपासून डोळ्यांपर्यंत अडतीस इंच. टीव्हीचे वरचे स्क्रू सैल करत असतानाच साडू कामावरून आला आणि दारातच थबकला.

"काय चाललंय?"

"चुकीच्या उंचीवर लावलाय मी."

"मीच सांगितलं होतं ना तिथे. पण तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी ऐकलं असतं."

"माहीत होतं मला," इंचभर म्हणाला. "म्हणूनच नाही बोललो."

साडूला अर्थ लागायला वेळ लागला नाही. त्याने बॅग खाली ठेवली आणि टीव्हीची दुसरी बाजू धरली. दोघांनी तो उतरवून सोफ्यावर ठेवला. मग साडू हळूच म्हणाला, "इथे दिवसभर तुमचाच जप चालतो. नळ गळला की, थोरले असते तर आत्ता नीट केला असता. ऐकून ऐकून कान किटले माझे."

इंचभरला बरं वाटलं. पण क्षणभरच. दिवसभर सासूबाईंचं बोलणं ऐकायला मिळतं, तेही यालाच, हे मनात आलंच.

टीव्ही खाली आला. वरची चार भोकं पुट्टी भरून बुजवली, पण रंग जुळेना. दारातून टीव्ही आता नीट दिसत नाही, अशी मेहुणीची कुरकुर आहे. सासूबाईंची मान महिन्याभरात सुटली. शेजारीण आली की त्या टीव्ही दाखवतात आणि सांगतात, धाकट्यांनी आणलाय. एकदा हे इंचभरच्या समोरच झालं. त्याचा चेहरा उतरला, पण तो उठून गेला नाही. त्याने स्वयंपाकघरातला नळ तपासला, वॉशर बदलला, आणि पुढच्या रविवारी मोरीचा नळ बघायला येतो असं सांगून घरी गेला. मोरीच्या नळाला काहीच झालेलं नव्हतं.