दातही कायद्यात धरतात

"साधी दुखापत लिहा, बाई. सही करा, मी निघतो," फौजदार म्हणाले. ते माझ्या टेबलासमोर उभे होते. मागे बाकावर रखमा तोंडाला पदर लावून बसली होती. पदर रक्ताने भिजलेला.

मी तेव्हा सोलापुरात सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. रखमा मूळची मैंदर्गीची, इथे गिरणीत कामाला. खात्यातल्या एका पोरीचा हात मुकादमाने धरला, म्हणून ही मध्ये पडली. त्याने मागावरचा सूत फिरवायचा लाकडी धोटा तिच्या तोंडावर हाणला.

कायद्यात मारहाणीच्या पायऱ्या असतात. सुजलं, रक्त आलं, तरी ती साधी दुखापत. त्यात पोलीस वॉरंटशिवाय धरत नाहीत, बहुधा दंडावर भागतं. डोळा गेला, हाड मोडलं, तर जबर दुखापत. त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद. दात मोडला तर तोही जबर दुखापतीतच येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

मी तपासलं. वरचा पुढचा दात अर्ध्यात तुटलेला, कड धारदार. ओठ आतून त्याच जागी फाटलेला. शेजारचे दात घट्ट.

"या बायका मिश्री लावतात. किडकाच असेल," फौजदार म्हणाले. "मुकादम मॅनेजरच्या मर्जीतला आहे. तुमच्या मोठ्या साहेबांशीही बोलणं झालंय."

"मग सर्टिफिकेट त्यांनीच लिहावं. तपासलंय मी. मी जबर लिहिणार."

रखमाने पदर बाजूला केला. "समदी म्हंत्यात मिटवून घे. म्या न्हाय मिटवनार."

कोर्टात मुकादमाच्या वकिलांनी पुन्हा मिश्रीच काढली. रखमा म्हणाली, "लावती की. मिश्रीनं दात काळं हुत्यात, असं मधनं तुटत न्हाईत. बगा." आणि तिने मॅजिस्ट्रेटसमोर तोंड उघडलं. ते खुर्चीतून वाकून बघत राहिले.

मग माझी उलटतपासणी. "तुम्ही दातांच्या डॉक्टर आहात?"

"नाही. पण घाव ओळखते. किडक्या दातामुळे ओठ फाटत नाही."

मुकादमाला सहा महिने सक्तमजुरी झाली. रखमाला गिरणीने काढलं. ती दुसऱ्या गिरणीत लागली, आणि ती पोरगीही तिच्यामागे तिकडेच गेली. माझी बदली लांब नातेपुत्याला झाली.

"एका दातासाठी एवढं?" मोठे साहेब म्हणाले.

"दात तिचा होता, साहेब," मी म्हणाले आणि सामान बांधलं.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते. तोंडावर मार असला की आधी दात तपासा, फौजदारांचं मागाहून ऐका.